फ्लेक्सवरची डॉक्टर

ऑगस्ट आला की मला लोकांचा राग येतो. एरवीही येतो, पण ऑगस्टात जरा जास्त. बावड्यात खताच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर माझा दातांचा दवाखाना आहे. वर्षाचे दहा महिने माणसं दुखतंय म्हणून येतात, गाल धरून येतात, जिन्यातच कण्हायला लागतात, आणि ती मला आवडतात. नीटचा निकाल लागून मेडिकल-डेंटलच्या याद्यांचे दिवस आले की मात्र येतात ती मोबाइल पुढं धरून. "म्याडम, एवढ्या मार्काला काय लागंल?" बाप पुढं, लेकरू मागं. दात कुणाचाच दुखत नसतो. मी म्हणते, "मला माहीत नाही. दात दाखवायचाय का?" लोक म्हणतात, डॉक्टरीणबाई तुसडी आहे. आहेच. दवाखान्याच्या पाटीवर लिहून टाकायलाही माझी हरकत नाही.

या दिवसांत शिवारात आडसाली उसाच्या लागणी चाललेल्या असतात. सऱ्यांत पाणी सोडलेलं, बांधावर बेण्याच्या तोडलेल्या कांड्या, त्यांचा तो गोडसर ओला वास. पुण्याहून येणारी पाहुणेमंडळी गाडीच्या काचा खाली करून म्हणतात, अहाहा! मी गाडीची काच वर करते. कारण त्याच वासात चौकाचौकात फ्लेक्स फडफडत असतात. 'भावी डॉक्टर.' फेटा बांधलेली, फोटोवाल्यानं गोरी करून टाकलेली पोरं-पोरी. खाली शुभेच्छुकांची रांग. कुणी गॉगल लावलेला, कुणी मोबाइल कानाला लावून लांब कुठंतरी बघतोय. त्या पोरीला मार्क किती पडले, हे त्यातल्या एकालाही विचारा, सांगता यायचं नाही. बावड्याहून इंदापूरला जाताना मी आता रस्त्याच्या कडेला बघतच नाही.

आज सकाळी दत्तूकाका आले. दत्तूकाका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, आमच्या गावी, कळंबला, घराशेजारीच राहतात. खालची उजवी दाढ पार किडून गेलेली. गेल्या आठवड्यात गोळ्या देऊन सूज उतरवली होती, आज काढायची होती. बरोबर नात होती, श्रावणी. ती बाहेर बाकड्यावर बसली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. काका खुर्चीत टेकता टेकता म्हणाले, "मने, तुझा येक फोटू दे. त्या पांढऱ्या कोटातला."

"कशाला?"

"श्रावणीचा बोर्ड लावायचाय चौकात, उद्याच्याला. तिचा मोठा मधी, आन् खाली तुझा बारीक. मार्गदर्शक म्हनून."

"सीट लागली तिला?"

"पात्र हाय की! मोबाइलवर आलंय सरळ. पात्र."

माझ्या हातात इंजेक्शनची सिरिंज होती. ती मी ट्रेमध्ये परत ठेवली, कारण रागात सुई धरू नये हे आम्हाला शिकवलेलं असतं.

पात्र म्हणजे एवढंच, की तुम्हाला पंगतीच्या रांगेत उभं राहता येईल. ताट मिळेल असं कुणी म्हटलेलं नसतं. पण आमच्याकडं रांगेत उभं राहिलेल्याच्याच हातावर आधी पाणी घालतात आणि 'जेवण कसं झालं' म्हणून विचारतात. मी बारावी झाले त्या वर्षी याच दत्तूकाकांनी माझ्या हातातला मोबाइल काढून घेतला होता. "क्वालिफाइड! क्वालिफाइड म्हंजे पात्र. झाली की डॉक्टर आपली पोरगी!" दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खात्रीसाठी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "अजून यादी लागायचीय." पण ते ऐकायला कोण थांबलं होतं? काका गाडीला किक मारून गेलेसुद्धा. तिसऱ्या दिवशी कळंबच्या चौकात, येष्टीच्या थांब्यासमोर, दहा बाय आठचा फ्लेक्स. 'कु. मनीषा हिची एम.बी.बी.एस.साठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' निवड झाल्याबद्दल! मला फेटा बांधला, नारळ दिला, शाल दिली. शाळेच्या व्हरांड्यात माझं भाषण झालं. मीही बोलले की! 'हे यश माझ्या आईवडिलांचं आहे' म्हणाले. हे मी आज कुणावर ढकलू?

याद्या लागल्या. पहिली, दुसरी, तिसरी. माझं नाव कुठंच नव्हतं, आणि मार्क बघता असायचं कारणही नव्हतं. शेवटची यादी लागली त्या दिवशी दादा ओट्यावर बसून होते. आई चुलीपाशी. मग दादा म्हणाले, "बारामतीला कालिजात नाव घाल बीएस्सीला. गावात कुनाला काय सांगायची गरज न्हाय. झाकली मूठ सव्वा लाखाची." बारामतीत तेव्हा मेडिकल कॉलेजच्या इमारतीचं काम चालू होतं. नुसते खांब आणि स्लॅब. पण गावाला तेवढं पुरलं. 'मनी कुठं असती?' 'बारामतीला कालिजात.' पुढचं ज्यानं त्यानं आपापलं जुळवलं. आम्ही खोटं बोललो नाही, असं दादा आजही म्हणतात. आम्ही फक्त लोकांना बोलू दिलं.

ते एक वर्ष मला कुणी परत दिलं तर मी ते जाळून टाकीन. सकाळची येष्टी चौकातूनच सुटायची. थांब्यावर मी फ्लेक्सकडं पाठ करून उभी राहायचे, म्हणजे तोंड भिंतीकडं. लोकांना वाटायचं पोरगी गुणाची आहे, पुरुषमाणसांकडं बघत नाही. जाताना फ्लेक्स उजव्या हाताला यायचा, म्हणून मी डावीकडच्या बाकावर बसायचे. येताना तो डावीकडं, म्हणून उजवीकडं, ड्रायव्हरच्या मागं. डावीकडं जागा असली तरी नाही. एकदा कंडक्टर म्हणाला, "अगं ताई, हितं सावली हाय की." मी उन्हातच बसले.

केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला पांढरा एप्रन लागायचा. आईनं तो एकदा धुऊन आतल्या खोलीत वाळत घातला. दादांनी तो उचलला आणि बाहेर, रस्त्याच्या बाजूच्या तारेवर नेऊन टाकला. चिमटेसुद्धा स्वतःच लावले. त्या एप्रनला लिटमसचा आणि गॅसच्या शेगडीचा वास यायचा, पण तारेवर लटकताना तो गावभर डॉक्टरचाच दिसायचा. मला तो फाडून पायपुसणं करावंसं वाटायचं.

आणि मग माणसं कागद घेऊन यायला लागली. आमच्या मागच्या गल्लीतली सोनाबाई, साठीची बाई, एकटी राहायची. तिनं एकदा थांब्यावर मला गाठलं आणि पिशवीतून रक्ताचा रिपोर्ट काढला. "बघ गं बाय, साकर किती हाय? त्यो डाक्टर नुसता गोळ्या लिवतो, सांगत काय न्हाय." आजूबाजूला पाचसहा माणसं. मी तो कागद हातात घेतला. आकडे होते, त्यांच्यापुढं इंग्रजी अक्षरं होती. मला बेडकाचं वर्गीकरण येत होतं. मी कपाळाला आठ्या घातल्या, कागद उलटा करून पाठीमागं बघितलं, जसं डॉक्टर बघतात, आणि म्हणाले, "ठीक आहे. गोळ्या बंद करू नका." तिनं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. सोनाबाईचं पुढं काही बरंवाईट झालं नाही, हे देवाचे उपकार, माझी हुशारी नव्हे.

घरात एकच माणूस त्या वर्षी माझ्याकडं सरळ बघायचा, तो तात्या. तात्या म्हणजे दादांचे वडील. आमच्या घराण्यात पूर्वी मेंढरं असायची, शंभर-शंभर. चाऱ्याला कोकणापर्यंत जायची. माझ्या वेळेला उरली होती बारा-चौदा, तीही तात्यांच्या हट्टापायी. तात्यांना अक्षर येत नव्हतं, पण मेंढीचा जबडा अंगठ्यानं उघडून ते तिचं वय सांगायचे. पुढचे दुधाचे दात असले तर कोवळी. दोन मोठे फुटले की दोनदाती, मग चारदाती, सहादाती. आठ झाले की पुरी. बाजारात सौदा याच्यावरच ठरतो. काही व्यापारी म्हातारीचे लांबलेले दात कानशीनं घासतात आणि तरणी म्हणून विकतात. तात्यांना त्या माणसांची एवढी किळस होती की त्यांच्या हातचा चहा ते घ्यायचे नाहीत. मला त्यांनी माळावर सापडलेला एक वाळका जबडा दिला होता, तो मी खिडकीत ठेवला होता. तुम्हाला वाटेल, म्हणून ही पुढं दातांची डॉक्टर झाली. छे! कथेत होतं तसं. मला मार्क तेवढे पडले, म्हणून मी दातांची डॉक्टर झाले.

रोज संध्याकाळी तात्या विचारायचे, "आज काय शिकिवलं?" मी काहीतरी सांगायचे. रक्ताभिसरण, हाडं, असलं. ते ऐकायचे आणि म्हणायचे, "बरं." त्या 'बरं'ला मी फार घाबरायचे.

बीएस्सी करता करता मी नीट परत दिली. घरी सांगितलं होतं, पण सांगून काय, दादांना वाटलं ह्या खेपेला एमबीबीएस लागेल आणि मूठ झाकलेलीच राहील. मार्क वाढले, एमबीबीएसपुरते मात्र नाही. डेंटलला लागत होते, अगदी लख्ख. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी खरं माझ्या हाताला लागत होतं. फॉर्म भरायला तीन दिवस उरले होते, आणि जातीचा दाखला, पडताळणीचं प्रमाणपत्र, सगळे मूळ कागद दादांच्या लोखंडी ट्रंकेत. ट्रंकेची किल्ली त्यांच्या करदोट्याला.

"न्हाय," दादा म्हणाले.

"का?"

"का म्हंजे? आता पैल्या वर्साला जानार? मंग गेलं वर्सभर काय क्येलं म्हनून सांगू लोकास्नी? नापास झाली म्हनू?"

"खरं सांगू आपण."

"खरं! आपलंच दात आन् आपलंच व्हट, मने. घरातलं घरात ऱ्हाऊ दे. बीएस्सी पुरी कर. लगीन झाल्यावर सासरी कोन इचारतंय काय शिकली ते."

दत्तूकाका तिथंच बसले होते, आमचाच चहा पीत. ते म्हणाले, "आन् दाताचा डाक्टर म्हंजे काय डाक्टर हाय व्हय? बाजारात पोतं हातरून बसतो त्यो बी दातच काढतो."

आणि मी काय केलं? सांगायची लाज वाटते. मी पाय आपटले, आत गेले, उशीत तोंड खुपसून रडले. ते कागद माझे होते. ट्रंकेचं कुलूप दगडानं फुटलं असतं. चौकात जाऊन एक वाक्य बोलायला मला कुणी अडवलं नव्हतं. पण मला अजूनही वाटत होतं की हे दुसऱ्या कुणीतरी निस्तरावं. एकोणीस वर्षांची घोडी, आणि सीट जाण्यापेक्षा मला सोनाबाईच्या तोंडाची भीती जास्त वाटत होती. तात्या माझ्या खोलीच्या दारात आले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "मुदत किती हाय?" मी म्हटलं, "परवापतोर." ते म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी गावचा बाजार होता. मी थांब्यावर, भिंतीकडं तोंड करून. तात्या एक मेंढी घेऊन चौकात आले. गिऱ्हाईक जमलं, पारावरची माणसं पण उठून आली. एकानं मेंढीचं तोंड उघडलं आणि हसत म्हणाला, "तात्या, चारदाती म्हनता खरं, पर घासलं-बिसलं न्हाईत नव्हं?"

तात्या म्हणाले, "बोट घालून बघ. म्या जनावराचं दात कदी घासलं न्हाईत. घरात मातूर वर्सभर कानस चाललीया."

"म्हंजी?"

तात्यांनी काठी उचलली आणि फ्लेक्सवर माझ्या फेट्याला टेकवली. वर्षाच्या उन्हानं तो फेटा पांढरा पडला होता. "ह्यी माझी नात. ह्यी डाक्टरकीला न्हाय. बीएस्सीला हाय. गेल्या साली तिला सीट लागली न्हवती. औंदा दाताच्या डाक्टरकीची लागती हाय, आन् बाप तिला फारम भरू दीना. का, तर तुमी हसचाल म्हनून. तर काय हसायचं त्ये आत्ताच हसून घ्या. उद्या मुदत सपती."

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, मग दोघंतिघं हसले. मी भिंतीला धरून उभी. माझ्या पिशवीतून एप्रनची बाही बाहेर लोंबत होती, ती मी आत कोंबत राहिले. सोनाबाई भाजीची पिशवी घेऊन माझ्यापाशी आली. ती हसली नाही. तिनं विचारलं, "मग माझ्या कागदात काय व्हतं गं?"

त्या कागदात काय होतं ते मला आजही माहीत नाही, आणि माझ्या दवाखान्यात कुणाचाही रिपोर्ट मी दोनदा वाचते तो त्या बाईमुळं.

दादांना बातमी लागायला वेळ लागला नाही. ते घरी आले, तात्यांकडं बघितलंसुद्धा नाही. करदोट्याची किल्ली तोडून घेतली आणि माझ्या पुढ्यात टाकली. "घ्या. आता झाकायला काय ऱ्हायलंय?" मी ती खाली वाकून उचलली. फॉर्म मी दुसऱ्या दिवशी बारामतीत एका नेट कॅफेत बसून भरला. शेजारच्या खुर्चीवर कुणीतरी रेल्वेचं तिकीट काढत होतं. शेवटचं बटण दाबताना आनंद वगैरे झाला नाही. कुणाला तरी कानफटात मारावी असं वाटत होतं, आणि जवळ कुणीच नव्हतं. सीट लागली, लांबच्या जिल्ह्यात. बीएस्सीचं नाव काढून दाखला मागायला गेले तर तिथला कारकून म्हणाला, "वर्ष फुकट घालवलंस की गं." मी म्हटलं, "तुमचं नाही घालवलं." त्यानं दाखला मला दुपारपर्यंत ताटकळत ठेवून दिला.

गावानं मला नाव ठेवलं, 'आडसाली'. वर्षात न तुटणारा, दीड वर्ष शेतात उभा राहणारा ऊस. सुट्टीला आले की पारावरून आवाज यायचा, "आली का आडसाली? तोड कधी?" हसू दे. दातओठ खात मी घरी जायचे. फ्लेक्स तात्यांनी त्याच संध्याकाळी सोडवून आणला होता आणि वैरणीच्या गंजीवर टाकला होता, माझं तोंड वरच्या बाजूला. एका बोकडानं फेट्याचा तुरा कुरतडून खाल्ला. दादा नंतर कधीतरी उठून तो फ्लेक्स उलटा करून आले. पण तात्यांशी ते बोलले नाहीत. एका घरात, एका पंगतीला जेवायला बसून, बोलले नाहीत. मी दुसऱ्या वर्षाला असताना तात्या गेले. दादांनी सगळं रीतीनं केलं, खांदा दिला, केस काढले. बोलायचं तेवढं राहिलं. ह्यासाठी मी दादांना माफ केलेलं नाही.

चौकात दादा त्यानंतर बसलेच नाहीत. आणि त्यांचे दात मी आजवर बघितलेले नाहीत. दोन वर्षं झाली दवाखाना काढून, बावडा काही लंडन नाही, पण ते आले ते उद्घाटनाला, दारात नारळ फोडला आणि चहा न घेता गेले. दाढ दुखली की लवंग धरतात. एक दाढ तर इंदापूरला दुसऱ्याच डॉक्टरकडं जाऊन काढून आले. मला ते तिसऱ्याकडून कळलं. त्या दिवशी मी एका पेशंटवर उगाचच ओरडले.

तर आज सकाळी दत्तूकाका माझ्या खुर्चीत. ओठ बधिर, तोंड उघडं, गालात कापूस, माझे दोन्ही हात आत. माणसाला अशा वेळी फक्त 'आं' म्हणता येतं. सात वर्षांत अशी संधी मला मिळाली नव्हती. मी सुरू केलं. "काका, तुम्हाला तो बोर्ड आठवतो का? निवड झाल्याबद्दल? कुणाची निवड झाली होती? मी वर्षभर भिंतीकडं तोंड करून उभी राहिले, माहीत आहे? तात्या मरेस्तोवर दादा त्यांच्याशी बोलले नाहीत, माहीत आहे? पोतं हातरून बसतो त्याच्याकडं का नाही गेलात दाढ काढायला? आणि आता ह्या पोरीला तोच फेटा घालता? तुम्हाला फ्लेक्सवर स्वतःचं तोंड बघायची एवढी हौस असेल तर स्वतःच्या बारशाचा लावा!"

"आं," काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं, ते दाढेमुळं असेल. दाढ निघाली. मुळाला वाकडी होती, पण निघाली. मी त्यांना थुंकायला बेसिनकडं वळवलं. ते थुंकले, त्यांनी चूळ भरली, आणि लोंबत्या ओठानं, शब्द सांडत म्हणाले, "म्या शिडी घिऊन गेल्तो, मने."

"कुठं?"

"चौकात. यादीत नाव न्हाय म्हनल्यावर. म्हनलं बोर्ड उतरवावा, पोरीची शोभा नको. तुझ्या बापानं शिडी धरली माझी. चढू दिलं न्हाय. म्हनला, ऱ्हाऊ दे दत्तू, पोरगी येष्टीतनं जाता-येता बघती. त्येवढीच जिद्द ऱ्हाती तिला."

माझ्या डोळ्यांत पाणीबिणी काही आलं नाही. संतापच आला. जिद्द! ज्या फ्लेक्सकडं एकदासुद्धा बघावं लागू नये म्हणून मी वर्षभर जागा बदलत उन्हात बसले, तो माझ्या जिद्दीसाठी ठेवला होता! कुणी सांगितलं होतं? विचारायचं तरी! एक शब्द विचारायचा! सात वर्षं मी ज्या रागावर उभी होते, तो नेमका कुणाच्या नावावर मांडायचा हेच मला कळेना. मी हातमोजे काढले, फेकले, नवे घातले. मग लक्षात आलं, आता नवे घालायचं काही कारण नव्हतं.

"तोंड उघडा," मी म्हटलं. त्यांच्या दाढेच्या जागी कापसाचा बोळा दाबला. "घट्ट चावून धरा. अर्धा तास बोलायचं नाही. बोललात तर रक्त थांबणार नाही."

मग दाराकडं वळून हाक मारली, "श्रावणी, आत ये." ती आली. दार अर्धं उघडंच होतं, तिनं सगळं ऐकलं होतं हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मी काकांचा मोबाइल उचलला, फ्लेक्सवाल्याचा नंबर लावला आणि तिच्यापुढं धरला. "तुझा बोर्ड आहे. उद्या लागू दे की नको, तूच सांग."

तिनं आजोबांकडं बघितलं. ते "उं उं" करत हात हलवत होते. ती म्हणाली, "हॅलो, मी श्रावणी बोलतीय, कळंबची. मला सीट लागली नाही अजून. बोर्ड लावू नका." पलीकडून काहीतरी आलं. ती फोनवर हात ठेवून मला म्हणाली, "ताई, छापून झालाय म्हणतात."

"घरी आणा म्हणावं. वैरणीवर टाकायला होतो."

तिनं तसंच्या तसं सांगितलं. एवढंच. अर्धं मिनिटही लागलं नाही. मला तिचा हेवा वाटला, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला, की हिला हे एवढं सोपं कसं गेलं. काका बोळा चावत माझ्याकडं असे बघत होते, की जणू मी त्यांची सगळी बत्तीशी काढून घेतलीय. जाताना श्रावणी जिन्यात थांबली आणि म्हणाली, "उद्या डेंटलचा फॉर्म घेऊन येऊ का?" मी म्हटलं, "ये. पण दात दुखत असल्यासारखी गुपचूप बस." ती हसली. चला, दोन वर्षांत ऑगस्टात माझ्या दवाखान्यात कुणीतरी हसलं.

संध्याकाळी शेवटचा पेशंट गेल्यावर मी घरी फोन लावला. दादांनीच उचलला. मला विचारायचं होतं, शिडी का धरली. विचारलं भलतंच.

"दाढ कशी आहे?"

"कुठली? न्हाय दुखत."

"खोटं बोलू नका. दत्तूकाकांनी सांगितलं, रात्रभर बसून होता म्हणून." हेही मी ठोकून दिलं; काकांच्या तोंडात बोळा होता. "उद्या सकाळी या."

"उद्या बाजार हाय तुमच्याकडं. गर्दी आसंल."

"असू दे. सगळ्यांसमोर या."

मग दादा म्हणाले, "किती वाजता?"

"नऊला."

मी ट्रे मांडून ठेवलाय. मी येष्टीत कायम दुसऱ्या बाजूला बसायचे, हे त्यांना अजून माहीत नाही. उद्या सांगीन, त्यांचं तोंड उघडं असताना.